बाबूची झोप: वडगावच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

बाबू एकोणीस महिन्यांचा झालाय आणि अजून एकही रात्र सलग झोपलेला नाही. पहिलं वर्ष कुणी मनावर घेतलं नाही, तान्हं लेकरू उठणारच. पण आता तो चालतो, भाकरी मागून खातो, दिवसभर गल्लीत फिरतो आणि तरी रात्री चार-पाचदा रडत उठतो. मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये हिशेब बघते, सकाळी आकडे जुळेनासे झालेत. हे फाउंड्रीत आहेत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड.

घर कसं आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घर बेळगावच्या वडगावात. पुढच्या सोप्यात मामांचे म्हणजे सासऱ्यांचे दोन पॉवरलूम, मधे एक खोली, त्यात टीव्ही, मागं एक लहान खोली आणि स्वयंपाकघर. बाबूची झोळी मधल्या खोलीत तुळईला बांधलेली, आत्यांच्या जुन्या इरकली साडीची. सासूबाईंना मी आत्या म्हणते. झोळीत घालायचं, झोके द्यायचे, दुधाची बाटली तोंडात द्यायची, की झोपतो. उठला की परत तेच.

आमच्या गल्लीतच दोन-तीन घरात हीच रड आहे म्हणून लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोगी पडेल. कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागं रकाने आखलेत: कधी झोपवला, डोळा कधी लागला, कधी उठला आणि परत कशानं झोपला. शेवटचा रकाना कंटाळा न करता भरायचा असं ठरवलंय.

१६ जून

नोंदी बघितल्या. साडेनऊला डोळा लागतो. साडेदहाच्या आसपास पहिल्यांदा उठतो, जवळपास रोज, घड्याळ लावल्यासारखा. मग बारा-सव्वाबारा, मग दीड-दोन, मग पहाटेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं. शेवटच्या रकान्यात सगळीकडं एकच, झोका आणि बाटली. दुपारची झोप साडेतीनला सुरू होते ती साडेपाचपर्यंत.

एक ते दोन वर्षाच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात आहे. बाबूचे सगळे तुकडे जोडले तर अकरा कसेबसे भरतात, त्यातले दोन दुपारचे. म्हंजे रात्र कमी पडतेय आणि तीही फाटकी.

१८ जून

काही बदलायच्या आधी डॉक्टरांकडं गेलो. हे पहिलं करा असं मी प्रत्येकीला सांगेन, कारण दुखणं असेल तर सवयी बदलून काही होत नाही, पोराला नुसता त्रास. डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला, घोरतो का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का विचारलं, मागं खाजवतो का तेही विचारलं. घोरत नाही. खाजवतो, रात्रीच जास्त. बारक्या जंतांची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते म्हणून खाज रात्री सुटते असं ते म्हणाले. जंताची गोळी अर्धी दिली, एक ते दोन वर्षाच्या पोराला अल्बेंडाझोल २०० मिलीग्रॅम, चुरून पाण्यातनं. दोन वर्षानंतर पूर्ण ४००. घरातल्या सगळ्यांनी घ्या, नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा म्हणाले. जूनमधे बेळगावात चादरी वाळवायच्या म्हणजे काय ते इथल्यांना माहीत आहे, स्वयंपाकघरात दोरी बांधली.

दूध किती पितो विचारलं. रात्रीच्या बाटल्या धरून लिटरभर होतं असं सांगितल्यावर त्यांनी लगेच रक्त तपासायला लिहून दिलं.

२० जून

हिमोग्लोबिन ९.४ आलं. या वयात साडेदहाच्या वर पाहिजे. कारण दूधच. दुधात लोह नसल्यातच जमा, वर पोट दुधानं भरलं की पोरगं भाकरी-डाळ खात नाही. आणि लोह कमी असलं की झोपेत पाय हलवणं, लोळणं, चाळवणं वाढतं, हे मला माहीतच नव्हतं. रात्री पाय झाडतो ते आम्ही डास म्हणून सोडून देत होतो.

लोहाचं औषध वजनाप्रमाणं दिलंय. दुधाबरोबर द्यायचं नाही, मधे तास-दोन तास ठेवायचे, लिंबू किंवा मोसंबीच्या रसानंतर दिलं तर बरं लागू पडतं. शी काळी होते, घाबरायचं नाही. आशाताईंनी दिलेली आयर्न-फॉलिकची बाटली कपाटात होती, ती सहा महिन्यांपासनं पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातनं दोनदा एक-एक मिली द्यायची असते. हे उपचाराचं औषध चालू आहे तोवर ती थांबवा आणि नंतर परत चालू करा असं सांगितलं. तुमच्याकडं आशाताई ती बाटली देऊन गेल्या असतील तर आजच काढून द्यायला लागा.

तपासणी, रक्त आणि औषधं मिळून साडेनऊशे रुपये. ह्या सगळ्या कामातला सगळ्यात नीट लागलेला पैसा.

२६ जून

काल ज्येष्ठ अमावस्या. आमच्याकडं अमावस्येला माग बंद. काल बाबूला झोपायला नेहमीपेक्षा पुष्कळ उशीर लागला, झोळीत उठून उभा राहत होता, पण एकदा झोपल्यावर साडेदहाला उठलाच नाही. थेट साडेबाराला.

मी परत सगळी पानं काढून बसले. मामा माग साडेदहाला बंद करतात. मागाच्या खटखटीत पोरगं झोपतं आणि खटखट थांबली की जागं होतं! आणि ह्याच आठवड्यात एकदा रात्री लाईट गेलेली, तेव्हाही त्याच मिनिटाला उठलेला, आम्हाला वाटलं अंधाराला भ्यायला. आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं उठत होता.

डॉक्टरांनी सांगितलेलं आता डोक्यात बसलं. लहान पोरांची झोप साधारण तास-तासाच्या फेऱ्यांत चालते, प्रत्येक फेरीच्या शेवटी ती थोडी जागी होतात, आपणही होतो, कूस बदलून झोपतो, सकाळी आठवत नाही. पोरगं त्या वेळी बघतं की डोळा लागताना जे होतं ते सगळं जागेवर आहे का. झोका चालू होता, आता बंद. बाटली तोंडात होती, आता नाही. माग वाजत होता, आता सामसूम. मग ते ओरडतं. म्हंजे रात्री दोनला काय करायचं हा प्रश्नच नाही, रात्री नऊला तो कशावर झोपतो तेवढं बदलायचं. जे पहाटेपर्यंत तसंच राहू शकतं त्याच्यावरच झोपवायचं.

आज मामांना पानं दाखवली. ते बराच वेळ बघत बसले.

३० जून

एकेक गोष्ट हातात घ्यायची ठरवली. सगळ्यात सोपी दुपारची झोप. एक वाजता जेवण, लगेच झोप, काही झालं तरी तीनला उठवायचं. सकाळी उठायची वेळ पावणेसात, रात्र कशीही गेली असली तरी. मी कामावर असते म्हणून हे आत्यांवर आलं, आणि झोपलेलं लेकरू उठवणं त्यांच्या जिवावर येतं. पहिले दिवस साडेचार वाजायचे. मग आमच्या शेजारच्या अक्कांनी युक्ती काढली, तीन वाजता त्यांची नात घंटी वाजवत येते आणि बाबूला अंगणात घेऊन जाते. भांडण नाही, काही नाही.

संध्याकाळी आठलाच डोळे चोळायला लागला.

३ जुलै

झोळी. इथं जास्त वेळ गेला.

आधी झोळीतच ठेवून झोके कमी करून बघितले. नाही चाललं, झोका हळू झाला की तो उठून उभा राहतो, आणि ह्या वयात झोळीत उभं राहणं धोक्याचं आहे, तोल जाऊन डोक्यावर पडतात, कापड गळ्याभोवती येऊ शकतं. मग दुकानातनं मोटरचा पाळणा भाड्यानं आणला, महिन्याचे आठशे. तो ठराविक वेळानं आपोआप थांबतो आणि परत तेच, थांबला की जागा. शिवाय लाईट गेली की बंद. दुसऱ्या आठवड्याची वाट न बघता परत केला, पैसे परत मिळाले नाहीत.

आता झोळी काढून टाकलीय आणि मागच्या लहान खोलीत जमिनीवर गादी घातलीय. गादीवरनं तो पडणार नाही, मला शेजारी आडवं होता येतं. वर मच्छरदाणी, साडेतीनशेची. पावसाळ्यात डास आहेत आणि बंद खोलीत लहान पोराजवळ कॉइलचा धूर नको.

पहिल्या रात्री पाऊण तास रडला. मी शेजारीच होते, थोपटत होते, बोलत होते, पण उचलून झोके दिले नाहीत. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “कशाला रडवूलीस गं पोराला, किती रडूलाय बघ की.” त्यांचंही चुकत नाही, भिंतीला भिंत लागून घरं, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. एकटं कोंडून रडू द्यायची पद्धत आमच्याकडं जमणारी नाही आणि मला करायचीही नव्हती. मी म्हटलं आत्या, तो एकटा नाही, मी आहे, त्याला फक्त झोका नाही म्हणून राग आलाय. त्या आत आल्या, गादीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, आणि दोघी मिळून थोपटत बसलो.

६ जुलै

आषाढी एकादशी. घरात उपवास, बाबूनं साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि साडेआठला झोपला.

गादीवर डोळा आता वीस-पंचवीस मिनिटांत लागतो. पण मधल्या रात्री अजून उठतो, आणि एक गोष्ट पानांवर स्पष्ट दिसतेय. ज्या रात्री दोन वाजता आम्ही दमून त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं त्याच्या दुसऱ्या रात्री तो जास्त उठला. ज्या रात्री दोनलाही गादीवरच थोपटलं त्याच्या दुसऱ्या रात्री कमी. अधूनमधून खांदा मिळतो म्हटल्यावर पोरगं तेवढा वेळ मागत राहणारच. आता घरात तिघांनीही एकच करायचं, जो कुणी उठेल त्यानं गादीवरच थोपटायचं. भिंतीवर कागद लावलाय.

१० जुलै

बाटली. एकदम बंद केली नाही. रात्रीच्या प्रत्येक बाटलीत दूध कमी करत गेले, दीडशे मिली होतं ते शंभर, मग साठ, मग तीस, आणि शेवटी पेल्यात पाणी. दिवसाचं दूधही पेल्यातनं, एकूण अर्ध्या लिटरच्या आत. बाटली तोंडात ठेवून झोपल्यानं पुढचे दुधाचे दात किडतात, शेजारच्या पोराचे चार दात तसे गेलेले बघितलेत.

दूध कमी केल्यावर भूक आपोआप आली. संध्याकाळी सातला मऊ भात, तूरडाळ, वर तूप, कधी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, कधी नाचणीची आंबील. पहिले काही दिवस रात्री एकला भूक लागून उठला तेव्हा जेवण अर्धा तास पुढं ढकललं, मग तेही थांबलं.

आत्या दुधात जायफळ उगाळून देत होत्या, त्यांच्या सासूनं दिलेलं, त्यांच्या पोरांना दिलेलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नको म्हणून सांगितलं, जायफळाचं प्रमाण जास्त झालं तर लहान मुलांना बाधतं, आणि उगाळलेलं किती गेलं ते मोजता येत नाही. हे मी आत्यांना घरी येऊन सांगितलं नाही. पुढच्या वेळी त्यांनाच बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवलं. सुनेच्या तोंडून आलं असतं तर वाद झाला असता.

१४ जुलै

आत्यांचं जायफळ गेलं तर त्यांच्या हातात काय राहिलं असं मला वाटत होतं. त्यांनीच सुचवलं, मी रोज झोपायच्या आधी दृष्ट काढते. आता आठला पाच कमी असताना आत्या मीठ-मोहरी घेऊन बाबूवरनं उतरवतात. फक्त मिरच्या जाळायच्या नाहीत आणि धूर मागच्या खोलीत नाही, मीठ-मोहरी बाहेर चुलीत जाते. त्या आधी दिवा लावून शुभं करोति, गरम पाण्यानं हातपाय धुणं, रात्रीचा डायपर, कपडे. दृष्टीनंतर गादी, एक अंगाई, बस.

रोज तेच, त्याच क्रमानं. बाबू आता दृष्ट काढली की स्वतः मागच्या खोलीकडं चालायला लागतो.

टीव्हीचंही मिटलं. आठ ते साडेनऊ आत्यांच्या मालिका, त्या बंद करा म्हणणं मला पटत नव्हतं, दिवसभर पोरगं त्याच सांभाळतात. झोप मागच्या खोलीत गेल्यावर मधलं दार लावलं की झालं. मोबाइल मात्र पूर्ण बंद केलाय, जेवतानाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको असं म्हटलंय आणि संध्याकाळचा उजेड झोप लांबवतो. ह्याच उजेडापायी एक वस्तू वाया गेली, चांदण्या फिरवणारा निळा दिवा ४९९ ला आणलेला, बाबू त्याच्याकडं बघत उठून बसला आणि टाळ्या पिटायला लागला. आता पॅसेजमधे पिवळा झिरोचा बल्ब, दाराच्या फटीतनं येईल तेवढा.

१९ जुलै

मागांचं काय करायचं ह्यावर घरात बोलणं झालं. आठला माग बंद करा हे मी म्हणणारच नव्हते, मीटरवर मजुरी आहे, अडीच तास म्हणजे पैसे. फोनवर पावसाचा आवाज लावून बघितला, मधेच जाहिरात वाजली, दुसऱ्या दिवशी फोनच आला. टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लावला, गादीपासनं सात-आठ फूट लांब, तो चालला. वारा अंगावर येत नाही, आवाज मात्र सकाळपर्यंत एकसारखा, मागाची खटखट त्यात बुडून जाते.

मामांनी स्वतःहून एक केलं. साडेदहाला दोन्ही माग एकदम बंद करायचे ते आता पहिला दहाला आणि दुसरा साडेदहाला. आवाज टप्प्यानं उतरतो. पहिल्याच रात्री बाबू साडेदहाला नुसता कूस बदलून झोपला. मामा सकाळी चहाला बसल्यावर म्हणाले, “काल उठला नाही नव्हं?” रोज विचारतात आता.

लाईट गेल्यावर मात्र पंखाही बंद आणि मागही बंद, दोन्ही एकदम. पंखा इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतला, वायरमनचे अडीचशे.

२५ जुलै

काल परत अमावस्या, माग बंद, पंखा चालू. साडेआठला झोपला, पहाटे चारला एकदा उठला, पाणी प्यायला, झोपला. गेल्या अमावस्येला झोपायलाच किती वेळ लागलेला. मागांवर झोप अवलंबून राहिली नाही.

आता माझ्यावर अवलंबून आहे, ते सोडवायचं. थोपटत डोळा लागायचा, तर आधी थोपटणं हळू केलं, मग नुसता हात ठेवला, मग हात काढून शेजारी पडून राहिले. दोन-तीन रात्री सवय झाली की पुढं सरकायचं, रडला तर एक पायरी मागं. घाई केली की दुसऱ्या दिवशी वेळ वाढतो, हे मी करून बघितलंय.

४ ऑगस्ट

ताप. पावसाळी व्हायरल, घरात सगळ्यांना. वर सुळेही येतायत. ताप असताना कुठलाही नियम नाही, मांडीवर घेऊन बसले, खांद्यावर झोपला तर झोपू दिला, पाणी जास्त, ताप वाढला की वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल. आजारी पोराला सवय शिकवायला जायचंच नाही.

एक फार महत्त्वाचं. ओळखीच्या एकीनं सांगितलं, सर्दीचं अमुक सिरप दे, झोपतंय छान. अजिबात देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षाखालच्या मुलांना द्यायचं नाही असा केंद्राच्या औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे, बाटलीवर तसं छापायला लावलंय. गुंगीनं पोरगं पडून राहतं म्हणजे झोप झाली असं नाही. घरात मागच्या वर्षीची एक अर्धी बाटली होती, तीही काढून टाकली.

१२ ऑगस्ट

ताप गेल्यावर काही रात्री खांदा मागत होता. आम्ही परत दोन पायऱ्या मागनं सुरू केलं, थोपटण्यापासनं, आणि ह्या वेळी पटकन जमलं. पहिल्यांदा शिकायला जितका वेळ लागला तितका परत लागत नाही.

ह्यांची सेकंड शिफ्ट हा वेगळा विषय होता. पावणेबाराला गाडीचा आवाज, गेटची कडी, ताटाचा आवाज, आणि मग ते बाबूला बघायला खोलीत येऊन उचलून घेत. त्या आठवड्यात त्यांना पोरगं जागं दिसतच नाही. नको उचलू म्हणायला मला जड जात होतं. आता गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणतात, कडीला कापड गुंडाळलंय, ताट झाकून ठेवते. आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सात ते नऊ बाबू पूर्ण त्यांचा, आंघोळ, नाश्ता, गल्लीतनं फेरी. बाबू सकाळी उठल्या उठल्या “पप्पा” म्हणत त्यांच्या पांघरुणात शिरतो. रात्री उचलायची गरज त्यांना उरली नाही.

२९ ऑगस्ट

गणपती आले. गल्लीत मंडळाचा मांडव आमच्यापासनं चार घरं सोडून. आरती, पाहुणे, रात्री स्पीकर. रात्री दहा ते सहा स्पीकर बंदचा नियम २००० सालापासनं आहे, सणाला काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, ते धरून आम्ही मंडळाच्या पोरांशी बोललो. पोरं घरचीच, स्पीकरचं तोंड फिरवलं. तेवढ्यानं खूप फरक पडला.

८ सप्टेंबर

विसर्जनाची मिरवणूक बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री बाबू खांद्यावरनं गणपती बघत जागा होता, साडेअकराला झोपला. सणाला बेळगावचं पोरगं घरात कोंडून ठेवायचं नाही असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवशी पावणेसातला उठवला, दुपारी नेहमीइतकीच झोप, संध्याकाळी दृष्ट आणि गादी. तिसऱ्या रात्री घडी परत बसली.

१८ सप्टेंबर

खानापूरला माहेरी जाऊन आलो. जाताना त्याची वाकळ न धुता नेली, त्याच वासाची, आणि टेबलफॅनही बसमधनं नेला. आईनं कौतुकानं झोळी बांधून ठेवलेली. तिला वाईट वाटू नये म्हणून दिवसा झोळीत खेळला, आज्जीनं झोके दिले, दोघं हसत होती. झोपायला गादी. आईनं तिथंही दृष्ट काढली, आत्यांनी फोनवरनं तिला क्रम सांगितलेला. पहिल्या रात्री एकदा उठला, नंतर नाही.

पंख्याचा वेग तीनवरनं एकवर आणलाय. आता थंडी सुरू होईल, थंडीत पंखा नको, तेव्हा हळूहळू तोही जाईल.

५ ऑक्टोबर

हिमोग्लोबिन ११.२. औषध अजून काही आठवडे चालू ठेवायचं आहे, आकडा बरा आला म्हणून लगेच थांबवायचं नसतं, अंगात साठा व्हायला वेळ लागतो. पाय झाडणं बंद झालंय.

झोप आता सव्वाआठ ते साडेसहा-पावणेसात. मी गादीजवळ बसत नाही, दाराशी बसून मटार सोलते किंवा हिशेब बघते, तो मच्छरदाणीतनं एकदोनदा मान वर करून बघतो आणि झोपतो. मधे उठत असेल तरी आम्हाला कळत नाही. आठवड्यातनं एखाद्या पहाटे पाचला उठतो, ते अजून सुटलेलं नाही. पहाटे अंगावरचं निघून थंडी वाजते असा अंदाज आहे, कारण थंड पहाटेच हे होतं. बाहीचा स्वेटर घालून बघतेय, वाकळ वर राहत नाही.

खर्च: डॉक्टर आणि रक्त दोन्ही वेळचं धरून सोळाशेच्या आसपास, मच्छरदाणी ३५०, वायरमन २५०, डायपर महिन्याला सहाशे. वाया गेलेले, पाळणा ८०० आणि चांदण्यांचा दिवा ४९९. कमी खर्चात करायचं असेल तर डॉक्टर, मच्छरदाणी आणि घरातला जुना पंखा एवढंच पुरे.

दिवाळीत नणंद येणार आहे, तिचं बाळ पाच महिन्यांचं. मागची खोली एकच आहे. पाच महिन्याच्या बाळाला रात्री दूध लागतंच, त्याला हे काही लागू करायचं नाही, ते रडणार आणि बाबूही उठणार. आत्या म्हणतायत बाबूची गादी आठ दिवस आधीच मधल्या खोलीत हलवू, पाहुणे यायच्या आत जागेची सवय होऊ दे. मला पटलंय. रविवारी गादी आणि मच्छरदाणी हलवणार, मामा भिंतीला खिळे मारून देतो म्हणालेत.